गोळी गुपचूप अर्धी करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात महिने ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची गोळी चालू आहे, कुणी नसताना आवाज ऐकू येणं थांबलंय, पण वजन १४ किलोनं वाढलंय, सकाळी दहापर्यंत झापड उतरत नाही, आणि घरी किंवा डॉक्टरांना न सांगता तुम्ही गेला आठवडाभर अर्धीच गोळी घेताय. चुकतंय का?

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं या गोळ्या घेतेय, तीन वेगवेगळ्या घेऊन झाल्यात, आणि तुम्ही करताय ते मीही केलंय. नखानं गोळी मोडायची, अर्धी तोंडात, अर्धी कपाटातल्या जुन्या मोज्यात.

हो, चुकतंय. अर्धी गोळी पुढे कदाचित तुमचा योग्य डोस ठरेलही, ते मला काय माहीत. पण कुणाला पत्ता नसताना घेताय, तर उद्या काही बिघडलं की ते कशानं बिघडलं हे कुणालाच कळणार नाही. माझे पहिले तीन आठवडे झकास गेले होते. सकाळी डोकं स्वच्छ, पुस्तकाची चार पानं सलग वाचता आली, मला वाटलं जिंकले. मग झोप कमी होत गेली. मग समोरच्या खिडकीतला दिवा माझ्यासाठीच लागतो-विझतो असं वाटायला लागलं, आणि मला ते आजारपण वाटलंच नाही, शोध लागल्यासारखं वाटलं. या गोळ्यांचं हेच फसवं असतं: कमी केल्यावर त्रास तिसऱ्या दिवशी नाही, कधी कधी दोन-तीन महिन्यांनी उगवतो, तोवर आपण गोळीला विसरलेलो असतो. शिवाय एकदम कमी केलं की नुसत्या त्या झटक्यानंही झोप उडते, मळमळतं, अस्वस्थ वाटतं, आणि आजार उलटला की शरीर कुरकुरतंय हे ओळखता येत नाही. कमी करायचीच तर टप्प्याटप्प्यानं, आणि खालच्या डोसला पोचल्यावर आणखी बारीक टप्प्यांनी.

आता दुष्परिणामांकडे येते. डॉक्टरांना सांगताना आपण चुकीचा शब्द वापरतो आणि सगळं तिथेच फसतं. माझं कसं फसलं ते सांगते.

माझी पहिली गोळी रिस्पेरिडोन. दुसऱ्या महिन्यात मला विचित्र व्हायला लागलं. मी डॉक्टरांना म्हणाले, ‘घाबरल्यासारखं होतं, आत काहीतरी चाललंय.’ आवाज ऐकणारी बाई घाबरते म्हटल्यावर त्यांनी काय करावं? डोस चारचा सहा मिलिग्रॅम केला. त्यानंतरचे पंधरा दिवस मला आजही आठवायला नकोत. जेवण उभ्यानं. दात घासताना एका पायावरून दुसऱ्या पायावर. रात्री दोनला घरात चालत होते, कारण पडलं की पिंढऱ्यांत कुणीतरी आतून ढकलतंय असं वाटायचं. तेव्हा आयुष्य संपवावं असाही विचार येऊन गेला. तो आजारानं आला नव्हता, त्या चुळबुळीतून सुटायचं होतं म्हणून आला होता.

पुढच्या भेटीला बाहेर बाकं होती, सगळे बसलेले, आणि मी दारापासून पाण्याच्या फिल्टरपर्यंत अकरा पावलं, परत अकरा. एक शिकाऊ डॉक्टर माझ्या पायांकडे बघत उभी होती. तिनं विचारलं, ‘मनात भीती आहे म्हणून चालताय, की चालल्याशिवाय पायांना राहवतच नाही?’ मी म्हणाले, ‘भीती कसली, मला बसवत नाही!’ ‘बसवत नाही’ एवढं म्हटल्यावर सगळं बदललं. त्याला अकॅथिसिया म्हणतात. हा शब्द प्रागच्या लादिस्लाव हाश्कोवेत्स या डॉक्टरनं १९०१ मध्ये काढला, या गोळ्या येण्याच्या पन्नासएक वर्षं आधी, आणि मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ अक्षरशः ‘बसता न येणं’ असाच आहे. माझा डोस उतरवला, सोबत प्रोप्रानोलॉल हे हृदयाचे ठोके कमी करणारं औषध दिलं (दमा असलेल्यांना ते सहसा देत नाहीत), आणि पाचव्या दिवशी मी ताटासमोर बसून जेवण संपवलं. पुढे अ‍ॅरिपिप्राझोल ही त्याच प्रकारची दुसरी गोळी दिली तेव्हा तेच पुन्हा सुरू झालं, पण या वेळी मी दुसऱ्याच दिवशी फोन केला.

म्हणून ‘बरं वाटत नाही’, ‘कसंतरी होतं’ असं सांगू नका. शरीर नेमकं काय करतंय ते सांगा. किती वाजता, कुठल्या अवयवाला, गोळीनंतर किती तासांनी.

तुमच्या झापडेचंच घ्या. ओलान्झापिन गिळल्यावर साधारण सहा तासांनी रक्तात सर्वांत जास्त असतं. रात्री साडेअकराला घेतली तर ऐन पहाटे साडेपाचला तिचा भर, आणि मग दहापर्यंत डोळे उघडत नाहीत यात आश्चर्य नाही. मी डॉक्टरांना विचारून वेळ साडेआठवर आणली. सकाळ माझी दीड तासानं अलीकडे आली, डोस तोच. आणखी एक, तुम्ही सिगारेट ओढता का? धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं. (निकोटीनमुळे नाही, धुरामुळे, त्यामुळे निकोटीनच्या च्युइंगमनं हे होत नाही.) अलीकडे सिगारेट सोडली असेल तर तोच डोस जास्त चढतो. सोडा जरूर, पण डॉक्टरांना सांगून.

वजनाबद्दल. ‘जरा खाण्यावर ताबा ठेवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही गोळी महिनाभर द्यावी असं मला फार वाटायचं. ती भूक वेगळीच असते. जेवून उठावं आणि वीस मिनिटांत पुन्हा फ्रिजचं दार उघडून थंड उजेडात उभं राहावं, काय हवंय हे माहीत नसताना. गोळी मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या काही जागा अडवते, त्यातून ही भूक येते. तुमचा आळस नाही तो. बहुतेक वाढ पहिल्या काही महिन्यांत होते, नंतर वेग मंदावतो. माझं १७ किलो वाढलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी सुरू केल्यावर आणि रोज चालायला लागल्यावर पाच किलो उतरलं, बाकीचं आहे. पाच म्हणजे फार नाही, पण गुडघ्यांना कळतं. तुम्हाला मेटफॉर्मिन चालेल का, गोळी बदलून बघता येईल का, हे थेट विचारा. विचारल्याशिवाय हा विषय निघतोच असं नाही. साखर आणि कोलेस्टेरॉल सात महिन्यांत एकदाही तपासलं नसेल तर या आठवड्यात तपासून घ्या. साखर वजनाच्या मागोमागच वाढते असंही नाही.

रिस्पेरिडोनवर माझी पाळी पाच महिने बंद होती, आणि मी ते लाजेपोटी लपवलं. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, वाढलेलं निघालं, साध्या रक्त तपासणीत. पुरुषांचीही त्यानं छाती स्तनांसारखी वाढते, कामेच्छा मरते. ओलान्झापिनवर हे कमी होतं, पण झालं तर लाजू नका.

एक गोष्ट मात्र मलाही सुटलेली नाही. गाणं ऐकून पूर्वी अंगावर काटा यायचा, आता गाणं छान आहे एवढंच कळतं. हे गोळीमुळे, आजारामुळे की नुसत्या वयामुळे? ओलान्झापिनचा डोस २० वरून साडेसात मिलिग्रॅमवर आल्यावर थोडं परत आलंय. पूर्ण नाही.

ताप, अंग लाकडासारखं कडक आणि बोलण्यात गोंधळ, हे तिन्ही एकत्र आले तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. क्वचित होतं, पण जिवावरचं असतं. ओठ-जीभ आपोआप चघळल्यासारखी हलायला लागली तर तेही लगेच दाखवा. आपल्याला ते जाणवत नाही, समोरच्याला दिसतं, म्हणून घरात एकाला तरी सांगून ठेवा.

आणि अर्धी गोळी आपणहून पुन्हा पूर्ण करू नका, डॉक्टरांना आजच फोन करा. रागावतील, थोडंसं. माझे रागावले नाहीत, नुसते कागदावर लिहीत राहिले. गोळी अर्धी करायला नेमकी कुठल्या तारखेपासून सुरुवात केली ते आठवून ठेवा, ते पहिलं तेच विचारतील.