वाचकांचे प्रश्न : देवस्थानाचा पैसा आणि आयकर

प्रश्न : आमच्या गावातील विठ्ठल मंदिराचा न्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पूर्वीपासून नोंदलेला आहे. देवस्थानाची बारा एकर जमीन मक्त्याने दिलेली असून दानपेटी, सप्ताहाची वर्गणी आणि मुदतठेवींचे व्याज ही बाकीची मिळकत आहे. यंदा नोंदणीचा दाखला दाखवूनही बँकेने व्याजावर टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा आयकर) कापला. देवाच्या पैशाला आयकर माफ नसतो काय? सभामंडपासाठी आम्ही पैसे साठवत आहोत, त्याचे काय?
— एक विश्वस्त, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : आपल्याकडील बहुतेक पंच मंडळींची जी समजूत असते तीच आपलीही झालेली आहे. धर्मादाय कार्यालयातील नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली होते आणि तिचा संबंध न्यासाच्या मिळकतीवरील देखरेखीशी आहे. आयकरातील सूट मात्र आयकर कायद्याखाली, त्या खात्याकडे वेगळी नोंदणी केल्याशिवाय मिळत नाही. (खालील कलमे १९६१ च्या कायद्यातील असून ती ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू आहेत, १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होत असल्याने पुढे कलमांचे क्रमांक बदलतात.) ही नोंदणी कलम १२-एबी खाली ऑनलाइन होते. ती एरवी पाच वर्षांसाठी असते. ज्या न्यासाचे उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत आहे, त्याला एप्रिल २०२५ पासून केलेल्या अर्जावर दहा वर्षांची नोंदणी मिळू शकते. नोंदणी नसेल, तर आलेली देणगीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने न्यासाचे उत्पन्नच ठरते, हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळते. कापलेला टीडीएस बुडालेला नाही. आयकराचे विवरण भरून, देय करापेक्षा जास्त कापली गेलेली रक्कम परत मागता येते.

आता आपल्या मिळकतीकडे एकेक करून पाहू. शेतीसाठी दिलेल्या जमिनीचा मक्ता हे कायद्याने शेतीचेच उत्पन्न असल्यामुळे ते कलम १०(१) खाली करमुक्त आहे. त्यासाठी १२-एबीची नोंदणीही लागत नाही. परंतु तोच मक्ता बँकेत ठेवून त्यावर जे व्याज मिळते, ते शेतीचे उत्पन्न नव्हे. बँकेने कर कापला तो या व्याजावर, आणि त्यात तिची चूक नाही.

दानपेटीबाबत आपल्या मनात भीती असेल तर ती काढून टाकावी. ज्या देणगीदारांची नावे-पत्ते नोंदलेले नाहीत अशा निनावी देणग्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के कर आहे खरा, पण कलम ११५-बीबीसी खालील तो कर पूर्णतः धार्मिक न्यासाला लागू होत नाही. काल्याच्या दिवशी पेटीत कोणी किती टाकले याची यादी ठेवण्याची अपेक्षा कायदाही करीत नाही. पेटी मात्र चार लोकांसमोर उघडावी, मोजलेल्या रकमेचा पंचनामा लिहावा, सह्या घ्याव्यात आणि रक्कम तशीच बँकेत भरावी. पेटीतूनच आचाऱ्याला आणि मंडपवाल्याला पैसे देऊन उरलेले तेवढे जमा करण्याची आपल्याकडची रीत हिशेबात निस्तरत नाही.

खरी अडचण साठवणुकीची आहे. नोंदणीकृत न्यासाने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांवर खर्च केली पाहिजे. उरलेले १५ टक्के विनाअट बाजूला ठेवता येतात. समजा, मक्ता सोडून वर्षाला चार लाख रुपये आले, तर तीन लाख चाळीस हजार खर्ची पडले पाहिजेत. सभामंडपासाठी त्याहून जास्त साठवायचे असल्यास तसा ठराव करून, उद्देश आणि मुदत नेमकी लिहून विहित नमुना ऑनलाइन भरावा लागतो आणि ही मुदत पाच वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. ‘मंदिराच्या कामासाठी’ असे मोघम लिहू नये. मंडपासाठी साठवलेली रक्कम दुसऱ्याच कामी लावली किंवा मुदतीत वापरली नाही, तर ती पुन्हा उत्पन्नात धरली जाते. दुसरा मार्ग कायम निधीचा आहे. देणगीदाराने स्वतः लेखी सूचना दिली की ही रक्कम न्यासाच्या कायम निधीसाठी आहे, तर नोंदणीकृत न्यासाच्या बाबतीत ती ८५ टक्क्यांच्या हिशेबाबाहेर राहते, मात्र ती कायद्याने सांगितलेल्या ठिकाणी वेगळी गुंतवावी लागते. पावतीवर नुसते ‘देणगी’ लिहून मोकळे होणाऱ्या कमिट्या ही सोय आपल्याच हाताने घालवतात.

गुंतवणुकीचाही एक धोका येथेच सांगतो. शेड्यूल्ड बँक, बँकिंग व्यवसाय करणारी सहकारी संस्था, पोस्टाच्या बचत योजना अशी ठिकाणे कलम ११(५) मध्ये दिलेली आहेत. गावच्या पतसंस्थेला बँकेचा परवाना नसतो. चेअरमन आपल्याच ओळखीचा आहे आणि अर्धा टक्का जास्त देतो, म्हणून देवस्थानाची ठेव तिथे नेण्याचा मोह टाळलेला बरा. तसेच एका व्यक्तीला एका दिवशी दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली, तर ती खर्च म्हणून धरली जात नाही. मिस्त्री आणि रेतीवाला यांना खात्यावरच पैसे द्यावेत.

प्रश्न : गावाचे काही लोक नागपूर-पुण्यात नोकरीला आहेत. ते आमच्या हनुमान मंदिराला देणगी देताना ८०-जी ची (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी) पावती मागतात. शेतकरी तूर, गहूही देतात. सर्वांना पावती देता येईल काय?
— सचिव, देवस्थान समिती, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : देता येणार नाही. न्यासाचे उत्पन्न करमुक्त असणे आणि देणगीदाराला वजावट मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८०-जी ची मान्यता धर्मादाय कार्यासाठी आहे; केवळ धार्मिक उद्दिष्टाच्या न्यासाला ती मिळत नाही आणि मान्यता मिळालेल्या संस्थेलाही धार्मिक कार्यावर एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. ऐतिहासिक महत्त्वाच्या किंवा राज्यभर ख्याती असलेल्या काही देवस्थानांना केंद्र सरकार दुरुस्ती-जीर्णोद्धारासाठी अधिसूचित करते, त्यांची गोष्ट निराळी. तुरीच्या पोत्यावर वजावट नाहीच, दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवरही नाही, आणि ज्या नोकरदाराने नवी करप्रणाली घेतली आहे त्याला ही पावती असून नसून सारखीच. गावात खरोखर वाचनालय किंवा दवाखाना चालवायचा असेल तर त्याचा वेगळा न्यास जरूर करावा. केवळ पावत्या फाडण्यासाठी दुसरी संस्था काढू नये.

प्रश्न : आमच्या समाजाचे मंगल कार्यालय केवळ समाजबांधवांसाठी आहे. त्यास सूट मिळेल काय?
— एक वाचक, चिखली तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : १९६१ चा कायदा आल्यानंतर स्थापन झालेल्या धर्मादाय न्यासाचा लाभ एकाच धर्माला किंवा जातीला राखून ठेवला असेल, तर कलम १३(१)(बी) त्याची सूट काढून घेते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीचा न्यास मात्र या कलमात सापडत नाही. आपला समाज त्यांपैकी नसल्यास संस्थेच्या घटनेतील ‘केवळ समाजबांधवांसाठी’ हे शब्द बदलण्याची परवानगी आधी धर्मादाय कार्यालयाकडून घ्यावी, कार्यालय प्रत्यक्षातही सर्वांना खुले करावे आणि मगच आयकर खात्याकडे अर्ज करावा.