कच्च्या केळ्याच्या पावडरीनं पोटातला अल्सर बरा होतो का?

प्रश्न विचारणाऱ्यांच्या वडिलांचं वय ६१, दुर्बीण घातल्यावर जठरात लहानसा अल्सर दिसला, डॉक्टरांच्या गोळ्या 'गरम पडतात' म्हणून त्यांना नको आहेत आणि कुणीतरी कच्चं केळं व ज्येष्ठमध सुचवलंय. वनस्पतींतली ही द्रव्यं खरंच जठराला जपतात का, असं त्यांनी विचारलंय.

जपतात. उंदरांचं जठर तर नक्कीच, मी स्वतः भिंग लावून मोजलंय. पण आमच्या घरात 'केळं' आणि 'अल्सर' हे दोन शब्द एका वाक्यात आले की पंक्तीतली माणसं माझ्याकडं बघतात, म्हणून जरा लांबण लावते.

एम.फार्म.ला माझा प्रबंध याच विषयावर होता. जळगाव जिल्ह्यातल्या मुलीला दुसरं काय सुचणार! भाजीची केळी सोलायची, चकत्या वाळवायच्या, दळून वस्त्रगाळ करायच्या. चीक असा बसायचा की साखरपुड्याच्या फोटोत माझी बोटं काळी आहेत. पांढरे उंदीर आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचे आणि पिंजऱ्याच्या तळाला जाळी घालायची, नाहीतर ते स्वतःच्याच लेंड्या खाऊन उपास मोडतात. पावडर पाण्यात कालवून नळीनं थेट पोटात, थोड्या वेळानं इंडोमेथासिन, म्हणजे जठराला ओरखडे पाडणारं एक वेदनाशामक औषध. पुढं जठर काढून, कापून, सलाइननं धुऊन थर्माकोलवर टाचण्यांनी ताणायचं. नुसतं इंडोमेथासिन दिलेल्या उंदरांच्या अस्तरावर मांजरीनं ओरबाडल्यासारख्या लालसर तपकिरी रेघा. आधी केळं दिलेल्यांच्या कमी. कमी म्हणतेय, शून्य नव्हे.

हा शोध माझा नाही. भारतात १९६० च्या दशकातच यावर प्रयोग झाले होते, आणि १९८४ साली इंग्लंडमध्येही दिसलं की पिकलेल्या केळ्यात हा गुण नाही, कच्च्यातच आहे. पुढं १९९९ मध्ये त्यातल्या ल्यूकोसायनिडिन नावाच्या द्रव्यावर बोट ठेवलं गेलं. ते जठरातल्या बुळबुळीत थराची जाडी वाढवतं. पोटातलं ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांपेक्षा ही वेगळीच तऱ्हा.

तर लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी सगळ्यांसमोर हा प्रबंध मिरवला. सासरी केळीचीच बाग. थोरले भाऊजी शेजारी बसून मन लावून ऐकत होते. वर्ष-दोन वर्षांनी त्यांच्या पोटात जळजळायला लागलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ते तुझं केळं खरंच चालतं का गं?" मी छाती फुगवून म्हणाले, "चालतं की!"

त्यांनी डबाभर पावडर केली आणि सकाळ-संध्याकाळ ताकातून घेऊ लागले. बरं वाटतंय म्हणायचे. केळीच्या कांदेबाग हंगामाची कापणी चालू असताना एक दिवस बांधावर चक्कर येऊन पडले. दवाखान्यात कळलं, तीन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. कुणाला का सांगितलं नाही? तर म्हणे, कच्च्या केळ्यानं हात काळे होतात, मग शौच नाही का होणार! हिमोग्लोबिन सहावर आलेलं. तीन बाटल्या रक्त चढवलं. दुर्बिणीत जठराच्या खालच्या टोकाला अल्सर, त्यातून रक्त झिरपत होतं.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात एकच पालुपद: "हिच्या केळ्यानं मला रक्त चढवावं लागलं." थोरल्या दिरापुढं बोलायचं कसं, म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. आता इथं बोलते.

भाऊजी, वर्षभर तुम्ही गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक खात होता, दिवसातून दोनदा. घरात मेडिकलचं शिकलेली सून असताना ती गोळी तुम्ही एसटी स्टँडवरून आणायचा, कारण मी ओरडले असते. आम्ही उंदरांना अल्सर पाडायला जे इंडोमेथासिन द्यायचो ना, तुमची गोळी त्याच घराण्यातली. जठराला 'थर बनव' असा निरोप देणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात, ही औषधं तीच बनू देत नाहीत. एकीकडून तुम्ही भिंत सारवत होता आणि दुसरीकडून तिच्यावर पाटाचं पाणी सोडत होता. माझ्या उंदराला मार एकदाच बसला, तोही आधी केळं पाजून. तुम्ही वर्षभर रोज दोनदा मारत होता. आणि पावडर कशाची केलीत? व्यापाऱ्यानं नाकारलेल्या ग्रँड नैनची, म्हणजे पिकवून खायच्या केळ्यांची! प्रबंधात भाजीची केळी आहेत. पान उलटून बघायचं होतं.

शिवाय त्यांच्या पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही निघाला. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये याच जंतूचं पातेलंभर नाही पण पेलाभर कालवण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तो जंतू घालवायला चौदा दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स लागला. केळं तिथं काय करणार?

ज्येष्ठमधाचं राहिलंच. त्यात दम आहे. त्याच्यापासूनच बनवलेलं कार्बेनोक्सोलोन ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात जठराच्या अल्सरवर सर्रास दिलं जायचं. पण त्यानं शरीरात मीठ-पाणी साचतं, पोटॅशियम उतरतं, ब्लडप्रेशर चढतं, म्हणून पुढं ते मागं पडलं. काड्या रोज चघळल्या तरी तोच धोका. तुमच्या वडिलांना बीपी असेल तर घरात आणूच नका. वनस्पतीचं म्हणजे निरुपद्रवी, असं म्हणणाऱ्यांना मी काउंटरवरूनच परत पाठवते.

माझंही चुकलं, हे इथं लिहून टाकते, पंक्तीत कबूल करणार नाही. "चालतं की" म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: आणखी काय घेता? प्रबंधाच्या तोऱ्यात राहिला.

तुमच्यासाठी थोडक्यात: डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा कोर्स पुरा करा, जंतूची तपासणी झाली नसेल तर मागून घ्या. जठरातला अल्सर असला तर भरून आला की नाही हे पुन्हा दुर्बिणीनं बघायला सांगतात, ते टाळू नका. कच्च्या केळ्याची भाजी खुशाल खाऊ द्या, छान लागते. काळी शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी दिसली तर रात्र काढू नका. आणि हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर माझं हे वाचून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

पण सगळ्यात आधी गुडघा, कंबर, डोकं, कशासाठी काय घेतात ते विचारा. "काही नाही" म्हणतील. भाऊजीही तेच म्हणाले होते. पाकीट निघालं बंडीच्या आतल्या खिशात, तंबाखूच्या पुडीमागं, दहातल्या तीन गोळ्या शिल्लक.