पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, नेमकं कशाचं बनलेलं असतं?

मुख्यतः फॉस्फोलिपिड (एक प्रकारचे मेदाचे रेणू) आणि प्रथिनं. फॉस्फोलिपिडच्या डोक्याला पाणी आवडतं, दोन शेपट्यांना अजिबात नाही. म्हणून हे रेणू आपसूकच दोन थरांत लागतात: शेपट्या आत, डोकी बाहेर. जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर. ही घट्ट भिंत नव्हे (वनस्पतींत पटलाबाहेर असणारी कडक पेशीभित्तिका वेगळी!), रेणू तेलासारखे सरकत राहतात, प्रथिनं त्यात तरंगतात. सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलेलं हेच ते 'फ्लुइड मोझेक' प्रारूप. प्राण्यांत कोलेस्टेरॉलही असतं.

घरी बघायचंय? बिटाच्या फोडी स्वच्छ धुऊन गार पाण्यात ठेवा, रंग फारसा सुटत नाही. तेच पाणी उकळा, लालभडक! उष्णतेनं पटलं फाटतात आणि रिक्तिकेतला (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीतला) रंग बाहेर पडतो.