शिकवायला कधी देणार, असं विचारणाऱ्या भाच्यास

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. नर्सरीत अप्रेंटिस म्हणून लागून महिना होत आला तरी नॅपी, नाकं आणि सांडलेलं दूध यापलीकडे काही नाही, ‘खरं’ शिकवायला कधी देणार, असं विचारतोयस. अरे, तू पहिल्या दिवसापासून शिकवतोयस. तुझं तिकडे लक्ष नाही, एवढंच.

इंग्लंडमधल्या नर्सऱ्या ज्या सरकारी चौकटीवर चालतात, ती ईवायएफएस (अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज) पुन्हा एकदा नीट वाच. परीक्षेपुरती वाचू नकोस. त्यात शिकण्याची सात क्षेत्रं दिली आहेत. पायाची म्हणून तीन वेगळी काढलीत: भाषा आणि संवाद, शरीराची वाढ, आणि भावना व नाती. अक्षरओळख आणि गणित उरलेल्या चारांत येतात. अगदी लहान मुलांच्या बाबतीत भर त्या पहिल्या तिन्हींवर. आता सांग, बेबी रूममध्ये या तीन गोष्टी घडतात कुठे? कार्डावरचा हत्ती दाखवताना?

नॅपी बदलताना मूल तुझ्या तोंडाकडे टक लावून बघत असतं. एका मोठ्या माणसाचं सगळं लक्ष फक्त आपल्याकडे, अशी वेळ नर्सरीच्या गोंगाटात त्याच्या वाट्याला फार कमी येते. “आता पाय वर घेऊया हं, गार लागलं का?” एवढं म्हण आणि थांब. ते काहीतरी आवाज काढेल, पाय झाडेल. त्याला उत्तर दे, पुन्हा थांब. नवे लोक हे थांबणंच विसरतात, अखंड बोलत सुटतात. आणि घड्याळाकडे बघत गुपचूप उरकलंस, तर त्यातूनही मूल शिकतंच: आपल्या अंगाला कुणीही न सांगता हात लावतं, हे. म्हणून उचलायच्या आधी समोरून जा, त्याला दिसू दे, हात पुढे कर, मग उचल. पाठीमागून काखेत हात घालून उचलणं मला अजिबात खपत नाही.

जेवणाच्या टेबलाचंही तसंच. तिथे चमच्याचं, वाट पाहण्याचं, “नको” म्हणण्याचं शिक्षण चाललेलं असतं. पण तिथे डोळ्यांत तेल घालून बस. मुलं जेवताना आपण त्यांच्या समोर बसायचं, उभं राहून फॉर्म भरायचे नाहीत. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करायच्या. गुदमरणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, खोकतही नाही. म्हणून कान पुरत नाहीत, नजर लागते. लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा बारा तासांचा कोर्स दर तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. तो लवकर मागून घे.

घरी कुणी नाक मुरडलं (“एवढं शिकून पोरांची ढुंगणं धुतोय?” हे वाक्य आपल्या मंडळींत मी बरंच ऐकलंय), तर त्यांना सुट्टीच्या दिवशी लंडनमधल्या डेप्टफर्डला घेऊन जा. मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी तिथे १९१४ साली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी मोकळ्या हवेतली नर्सरी काढली. आंघोळ, पोटभर खाणं, उघड्यावर झोप आणि बाग, हाच तिथला अभ्यासक्रम. रेचेल १९१७ मध्ये गेली. मार्गारेटचा हट्ट असा, की एवढ्या लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांना नीट, लांबलचक प्रशिक्षण हवं. बहिणीच्या नावाचं प्रशिक्षण कॉलेज तिने १९३० मध्ये उभं करून दाखवलं. लंडन लांब वाटत असेल तर डहाणूजवळच्या बोर्डीचं सांग. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ वस्तीवर जाऊन मुलं गोळा करायच्या, आधी त्यांचे हात-पाय-केस स्वच्छ करायच्या. अंगणवाडीची कल्पना तिथून आली. त्यांना कुणी आया म्हणून हिणवायची हिंमत करेल का?

आता निरीक्षणं. तुझं प्रशिक्षण तपासणारा असेसर तुझ्या कामाच्या फाइलसाठी, म्हणजे पोर्टफोलिओसाठी, ती मागणारच. “अमुक मूल आनंदाने खेळलं” असलं काही लिहू नकोस, त्यातून कुणालाच काही कळत नाही. दोन वर्षांचा एक मुलगा समजा सकाळभर वाळूची बादली भरून बाकाखाली रिकामी करतोय, परत येतोय, पुन्हा भरतोय. तू बघायचं ते असं: बादली किती भरतो, सांडलं की काय करतो, दुसऱ्या मुलाने बादली धरली तर काय म्हणतो. अशा पुन्हा पुन्हा होणाऱ्या खेळाला इथे ‘स्कीमा’ म्हणतात. सामान इकडून तिकडे नेण्याचा स्कीमा दिसला की दुसऱ्या दिवशी ढकलगाडी, पिशव्या, जरा जड लाकडी ठोकळे बाहेर काढून ठेव. वाळू सांडली म्हणून त्याला बाजूला बसवणारे लोकही तुला भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, बादली-पिशव्या घेऊन त्या मुलासोबत बाहेर खेळायला जा.

तुझ्याकडे की पर्सन (ठरावीक मुलांची खास जबाबदारी असलेलं माणूस) म्हणून मुलं अजून दिली नसतील, पण दाराशी रडणाऱ्या मुलाजवळ तू असशील. आईला मागच्या दाराने गुपचूप जायला सांगू नकोस. तिने निरोप घेऊन जावं, मग मूल रडलं तरी चालेल. आणि मराठी घरातलं मूल आलं, तर त्याच्याशी खुशाल मराठीत बोल. “घरी इंग्रजीच बोला” असा सल्ला पालकांना देणं चूक आहे. ईवायएफएसमध्येही घरच्या भाषेला खेळात जागा द्यायला सांगितलं आहे. नव्या भाषेत आलेलं मूल बराच काळ गप्प राहू शकतं. ते ऐकत असतं, त्याला बोलतं करायला खनपटीला बसू नये.

चावण्याचा प्रसंग येणारच. ज्याला चावलं त्याच्या पालकांना सगळं खरं सांगायचं, फॉर्मवर त्यांची सही घ्यायची, पण चावणाऱ्या मुलाचं नाव सांगायचं नाही, त्यांनी कितीही खोदून विचारलं तरी. आणि एखाद्या मुलाने असं काही सांगितलं, की ऐकून तुझ्या पोटात गोळा आला, तर उलटतपासणी करू नकोस, “कुणाला सांगणार नाही” असं वचनही देऊ नकोस. त्याचे शब्द जसेच्या तसे लिही, तारीख-वेळ टाक आणि मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी गाठ. खात्री झाल्यावर सांगू, असं म्हणत बसायचं नाही. खात्री करणं तुझं काम नाही.

तू मुलगा आहेस म्हणून एखादा पालक कुरकुरला, तर ते मॅनेजरने हाताळायचं. नॅपीचे नियम सगळ्यांना सारखे, तू फक्त ते काटेकोर पाळ.

थोडं हक्काचं. अप्रेंटिस म्हणजे फुकटचा हात नव्हे. अभ्यासाचा वेळ पगारी कामाच्या तासांतच मिळायला हवा, रात्री घरी जागून नव्हे. अप्रेंटिसच्या किमान पगाराचा कमी दर एकोणीस वर्षांखालच्यांना किंवा पहिल्या वर्षापुरता असतो. तू एकोणीसचा झालेला आहेस, तेव्हा वर्ष संपलं की पगाराची चिठ्ठी नीट तपास. रेशोही पाठ असू दे: दोन वर्षांखालच्या तिघांमागे एक मोठं माणूस, दोन वर्षांच्या पाचांमागे एक. हा पाचाचा आकडा सप्टेंबर २०२३ पासूनचा, आधी चार होता. माझं मत विचारशील तर चारच बरा होता. तुला त्या गणतीत धरायचं तर तू तयार आहेस अशी मॅनेजरची खात्री झालेली असावी लागते. माणूस कमी पडलं म्हणून तुला एकट्याला खोलीत सोडलं, तर तिथल्या तिथे विचार. गप्प बसू नकोस.

जादा पँट आणि पावसाळी बूट नर्सरीतच ठेव. फोन लॉकरमध्ये.

पहिलं चांगलं निरीक्षण लिहून झालं की मला फोन कर. मुलाचं नाव सांगू नकोस, कागद पाठवू नकोस, फोटो तर मुळीच नाही. ती माहिती नर्सरीबाहेर जात नाही, मावशीकडेसुद्धा नाही. तुला त्यात काय दिसलं, तेवढं सांग.

तुझी,
मावशी