बाईंशी मुलानेच बोलायचं, पण काय?

प्रश्न : सातवीतल्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन जड जाणारी अध्ययन अक्षमता, आहे. वर्गात मोठ्याने वाचायला सांगितलं की तो गप्प उभा राहतो. दर वेळी मीच शाळेत जाते. त्याने स्वतः बोलावं म्हणून काय करू?

उत्तर : 'बोल ना बाईंशी' म्हटल्याने मूल बोलत नाही, कारण नेमकं काय मागायचं हेच त्याला ठाऊक नसतं. एका कार्डावर त्याच्या शब्दांत तीन वाक्यं लिहू द्या : काय जड जातं, काय जमतं, कशाने मदत होते. उदाहरणार्थ, 'नवा धडा एकदम वाचता येत नाही. ऐकलेलं लक्षात राहतं. कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी कळलं तर तयारी करून येईन.' यातलं तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. नुसतं 'मला डिस्लेक्सिया आहे' म्हटलं तर पुढे काय करायचं ते शिक्षकांना कळत नाही. वाक्यं तुम्ही लिहून दिलीत तर मात्र ते पाठांतर होतं, आणि बाईंनी एक उलट प्रश्न विचारला की सगळं विसरतं.

मग घरी सराव करा. तुम्ही बाई व्हा आणि एकदा नकारही द्या. 'मग तास संपल्यावर फक्त तुमच्यासमोर वाचू का?' असं पुढचं वाक्य तयार नसेल, तर पहिल्याच 'नाही'ला मूल मिटतं. पहिली विनंती सर्वांत जवळच्या वाटणाऱ्या शिक्षकांकडे, वर्गासमोर नव्हे, एकट्याने भेटून. त्या वेळी तुम्ही शेजारी असा, पण गप्प. पुढच्या वेळी दाराबाहेर थांबा.

प्रश्न : दहावीतल्या मुलीकडे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. मैत्रिणी हसतील म्हणून ती परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक (ती सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती) नको म्हणते.

उत्तर : ही कुणाची मेहेरबानी नाही, हे तिला आधी कळू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 17 मध्ये जादा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कायदा सांगून लाज जात नाही. सारख्याच काठिण्याच्या दोन सराव प्रश्नपत्रिका तिला सोडवू द्या, एक नेहमीच्या वेळेत, दुसरी तासाला 20 मिनिटे जादा घेऊन. येत असूनही किती प्रश्न राहून गेले, ते तिनेच मोजावं आणि तिनेच ठरवावं.

लेखनिकाला सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. वाक्य मनात पूर्ण करून मग बोलायचं, विरामचिन्हंही सांगायची, लिहिलेलं परत वाचून घ्यायचं. लेखनिक पहिल्यांदा बोर्डाच्या पेपरलाच भेटला तर मुलं घाईघाईने बोलतात किंवा संकोचाने चूक दुरुस्त करवून घेत नाहीत. म्हणून पूर्वपरीक्षेआधी निदान चार-पाच पेपर असे सोडवा. शाळेकडून मंडळाकडे या सवलतींचा प्रस्ताव गेला का, हेही तिनेच विचारावं. मैत्रिणींना 'मला लिहायला वेळ लागतो' एवढं पुरे.

प्रश्न : मी शिक्षक आहे. मागेल ते देत गेलो तर मूल आळशी होणार नाही का?

उत्तर : आधी 'आतापर्यंत काय करून पाहिलंस?' असं विचारा. फळ्याचा फोटो देणं वेगळं, गृहपाठ माफ करणं वेगळं. नाही म्हणायचं असेल तर कारण आणि पर्याय त्याच क्षणी सांगा. 'बघू नंतर' म्हणू नका. मुलाला तो नकारच वाटतो, आणि ते पुन्हा विचारायला येत नाही.