‘असू दे, लागतं कधीतरी’

प्रश्न : ताई, आमची सहकारनगरमधली सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. दसऱ्यानंतर जागा रिकामी करून द्यायची. तात्पुरती मिळाली आहे ती धायरीतली दोन खोल्यांची जागा, तिला माळाच नाही. आणि आमचा माळा, गॅलरीतलं कपाट, दिवाणाचं पोट, सगळं ह्यांच्या ‘स्पेअर’ने भरलंय. नूतन स्टोव्हच्या वाती आहेत, स्टोव्ह मोडीत जाऊन वीस वर्षं झाली. चेतकच्या क्लचच्या दोन केबली आहेत, स्कूटर विकून पंधरा वर्षं झाली. कुकरची सहा गास्केटं, ट्यूबचे चोक, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चौदा किल्ल्या, पाइपांचे वीतभर तुकडे. यजमान चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. काही काढायला गेलं की म्हणतात, ‘असू दे, लागतं कधीतरी.’ वर केळकर म्युझियमचा दाखला देतात, की त्यांनी असंच टाकून दिलं असतं तर म्युझियम झालं असतं का! खोटं कशाला सांगू, गेल्या महिन्यात रविवारी संध्याकाळी न्हाणीघरातला नळ गळायला लागला. प्लंबर फोन उचलेना. ह्यांनी बरणीतून नेमका त्या मापाचा वायसर काढला आणि दहा मिनिटांत गळती थांबवली. तेव्हापासून तर बोलायची सोयच राहिली नाही. ते दुपारी झोपले की भंगारवाल्याला बोलावून मोकळी होऊ का?

— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : त्या वायसरने तुमचा घात केला. असा एक वायसर दहा वर्षांतून एकदा लागतो आणि पुढच्या दहा वर्षांच्या अडगळीला परवाना देऊन जातो.

आधी भंगारवाल्याचं. ते करू नका. मी करून बसले आहे. आमच्याकडे पितांबरीच्या जुन्या डब्यात खिळे-स्क्रू असायचे. एका दिवाळीच्या साफसफाईत मी तो डबा न उघडता वजनावर घालून टाकला. साडेचार रुपये आले. आठवड्याने कळलं की बँकेच्या लॉकरची किल्ली त्यातच ठेवलेली होती, ‘सुरक्षित जागी’. मग अर्ज, कंपनीचा माणूस, आमच्यासमोर लॉकर फोडणं, आणि त्याचा सगळा खर्च अर्थात आमच्याच माथी. यजमान एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हा डबा कोणाचाही असो, वर्तमानपत्रावर पालथा केल्याशिवाय घराबाहेर जाऊ देऊ नका.

आता मुद्द्याचं. मी भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. साठवणं हेच माझं काम होतं, त्यामुळे तुमच्या यजमानांचा कळवळा मला तुमच्यापेक्षा जास्त येणार, हे गृहीत धरा. पण स्टोअरमध्ये पहिल्याच महिन्यात एक गोष्ट अंगी लागते. जो माल मागितल्यावर काढून देता येत नाही, तो असून नसल्यासारखा. फिटर खिडकीशी उभा आहे, मशीन बंद आहे, आणि तुम्ही म्हणताय ‘आहे कुठेतरी’. तो तासाभराने बाजारातून नवीन आणतो. आता जुनाही आहे आणि नवाही. मार्चअखेर मोजणीला दोन्ही सापडतात. तुमच्या घरी सहा गास्केटं अशीच जमली असणार, विचारून बघा. कोणी सहा गास्केटं एकदम विकत घेत नाही.

आणि त्या गास्केटांचं तर आजच्या आज करा. रबर डब्यात बसल्या बसल्या म्हातारं होतं. वापरलं नाही म्हणून नवीन राहत नाही, कडक होतं, ताणलं की बारीक भेगा दिसतात. आमच्याकडे ऑइल सील आणि ओ-रिंगच्या पुड्यांवर तयार झाल्याची तारीख बघून जुना माल आधी द्यायची शिस्त होती, आणि मुदत उलटली की कोणी कितीही हळहळलं तरी कात्री लावून मगच कचऱ्यात. कात्री एवढ्यासाठी की कोणीतरी पुन्हा उचलून आणतो. घरातल्या कुकरला असलं गास्केट बसवलं तर शिट्टी होत नाही, बाजूने वाफ जाते, आणि माणूस वैतागून झाकणावर वजन ठेवायला जातो. नको तो खेळ. कुकरचा जुना सेफ्टी व्हॉल्व्हही त्यातच. वायरींचं तेच. वरचं प्लास्टिक वाकवल्यावर तडकत असेल तर ती वायर नाही, धोका आहे.

उलट पितळ मरत नाही. जुने वजनदार पितळी नळ असतील तर एकही टाकू नका, आज दुकानात मिळतात ते चमकतात जास्त आणि टिकतात कमी. पितळेचं मी जरा जास्त बोलते, त्याला कारण आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची, आम्ही नारायण पेठेत तळमजल्यावर राहायचो. पाणी ओसरल्यावर घरात गेलो तर गाद्या, धान्य, वडिलांची पुस्तकं, लाकडी पेटीतले कपडे, सगळ्याचा एकच लगदा. आईने त्या चिखलात हात घालून पातेली, तांबे, पाणी तापवायचा बंब असं एकेक बाहेर काढलं आणि चिंच-मिठाने घासत बसली. कल्हई करून घेतल्यावर त्याच पातेल्यांत पुढे चाळीस वर्षं आमटी झाली. त्यानंतर आमच्या घरात सुतळीचा तुकडा टाकलेला मी पाहिला नाही. तुमचे यजमान माझ्याच बरोबरीचे. ते तेव्हा पुण्यात होते का, एवढं एकदा विचारा. नसतील तरी चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या पिढीतला माणूस क्लचची केबल सहज कशी टाकेल? त्या काळी ते शहाणपणच होतं. केबल वाईट नाही हो, स्कूटर गेली.

म्हणून माळा उतरवताना ‘हे लागेल का’ असं विचारूच नका. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं. ‘ह्याचा धनी घरात आहे का’ असं विचारा. वातीचा धनी स्टोव्ह, तो गेला. चोकचा धनी जुनी ट्यूब. घरात सगळीकडे एलईडी आल्या असतील तर चोक पोरका. रिमोट, चार्जर, मिक्सरची जादा भांडी, सगळ्यांना हाच प्रश्न. धनी नसलेली वस्तू मोडीत. ह्या प्रश्नात कोणाच्या स्वभावावर बोट येत नाही, म्हणून भांडणही कमी होतं. (होतच नाही असं मी म्हणत नाही.)

जे राहील त्याला चिठ्ठी. आमच्याकडे प्रत्येक कप्प्याला बिन कार्ड असायचं, त्यावर काय आहे, कशाला लागतं, किती आहेत, शेवटचं कधी काढलं. घरी एवढं पुरे : पारदर्शक बरणी आणि वर ह्यांच्याच हस्ताक्षरात एक ओळ. त्यांनीच लिहायचं, तुम्ही नाही. गंमत बघा, तिसऱ्या-चौथ्या वस्तूला पेन थांबतं. ‘हे कशाचं आहे बरं?’ म्हणून चष्मा वर करून ते स्वतःच ती बाजूला ठेवतील. तिथे गप्प बसायचं. हसलात तर ती वस्तू परत बरणीत जाईल.

केळकर म्युझियमचा दाखला त्यांच्यावरच उलटवता येतो. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती घरोघरी हिंडून जमवल्या, पण काय कुठून आणलं ते त्यांना ठाऊक होतं. संग्रह वीस हजार वस्तूंच्या पुढे गेला, १९७५ मध्ये तो त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला, आणि आजही दालनांत मांडलेल्या वस्तू साधारण अडीच हजारच. म्हणजे म्युझियमचाही बराचसा माल आतच असतो! पण नोंदीसकट. यजमानांना घेऊन बाजीराव रस्त्याला एक सकाळ घालवा. निघताना म्हणा, आपल्या चौदा किल्ल्यांची नोंद आज करू या.

किल्ल्यांसाठी एकच संध्याकाळ द्यायची. घरातली सगळी कुलपं टेबलावर आणा, बॅगांची, सायकलची, गोदरेजच्या कपाटाच्या आतल्या खणाची. जी लागेल तिला दोरा आणि चिठ्ठी. उरलेल्यांतल्या पितळी किल्ल्या मोडीत द्या, लोखंडी भंगारात. चेतकच्या केबली टाकवतच नसतील तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात नेऊन द्या, त्यांना तिथे एखादा धनी भेटेल. फक्त यजमानांना एकट्याला पाठवू नका. दोन केबली देऊन तीन पाने घेऊन येतील.

सीएफएल दिवे आणि जुन्या ट्यूब फोडू नका, त्यांत पारा असतो. खोक्यात नीट ठेवून ई-कचऱ्यात द्या. फुगलेली मोबाइलची बॅटरी मात्र खोक्यातही साठवू नका, त्याच दिवशी ई-कचऱ्यात द्या.

एक जरा गंभीर. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक होत नाही इतकं सामान साठलं, आणि रद्दीचा कागद दिला तरी माणूस कासावीस होत असेल, तर तो निव्वळ स्वभाव नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकाने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. तिथे बिन कार्ड चालत नाही, डॉक्टर लागतो. तुमच्या पत्रावरून तरी मला तसं दिसत नाही. माळा भरला आहे, घर चालू आहे.

आणि एक विचारू का? पत्रात कापडी पिशव्यांचा उल्लेख कुठेच नाही. दुकानांच्या, लग्नातल्या, मुंजीतल्या, साडीच्या, एका पिशवीत कोंबलेल्या सगळ्या पिशव्या. धायरीला त्याही न्यायच्या असतीलच ना?

प्रश्न : मी वाकडला एकटा राहतो. आई दर रविवारी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भाज्या, चटण्या भरून देते. आता चाळीस डबे झालेत. टाकले तर रागावते, परत नेले तर म्हणते ‘ठेव, लागतील’. काय करू?

उत्तर : रिकामे परत नेता म्हणून ती ठेवून घेत नाही. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल, पण ती पाळत असणार. एका डब्यात चार चिक्कीचे तुकडे, एकात दाणे, एकात नुसती साखर घातली तरी चालेल. हसत ठेवून घेईल. त्यांत गरम आमटी मात्र भरू देऊ नका, ते प्लास्टिक त्यासाठी केलेलं नाही, गरम पदार्थांसाठी तिला दोन स्टीलचे डबे घेऊन द्या. झाकणं आधी जुळवून घ्या. चाळीस डब्यांना तेहतीसच्या वर भरणार नाहीत, लिहून देते.