रात्री तीनला जाग येते

"ताई, वय ४४. अक्कलकोट रोडला भाड्याच्या शेडमध्ये टॉवेलचे सहा माग आहेत. बाहेरगावच्या एका पार्टीनं सात महिन्यांचं पेमेंट अडवलंय, हप्ते थकलेत. रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, आंबट ढेकर येतात. मावा दिवसाला आठ पुड्यांवर गेलाय. मेडिकलमध्ये बीपी मोजला तर १५०/९६. घरी काही बोललो नाही. सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नको. कसं नको घेऊ?"
– एक मागवाला, सोलापूर

भाऊ, टेन्शन काय आपण हौसेनं घेतो?

आधी छातीचं बघा. मनाचंच असेल म्हणून सोडून देऊ नका. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. छातीत दाब, हातात कळ, दरदरून घाम असं झालं, तर उजाडायची वाट न बघता सिव्हिल गाठायचं. बीपी एकदा मोजून कळत नाही. चार दिवस मोजा, आधी पाच मिनिटं गप्प बसून. त्याआधी अर्धा तास चहा नको, मावाही नको. तंबाखूनं ठोके आणि बीपी दोन्ही चढतात. म्हणजे डोकं शांत करायला तुम्ही जे तोंडात टाकता, तेच छाती धडधडवतं.

पार्टीचा फोन आला की अंगात ॲड्रेनालिन सुटतं, मागोमाग कॉर्टिसोल, दोन्ही ताणाची संप्रेरकं. ठोके वाढतात, रक्तातली साखर चढते, पचन मागं पडतं. शरीर पळायच्या किंवा भिडायच्या तयारीत असतं आणि तुम्ही खुर्चीत बसून "बघा ना शेठ, जरा" म्हणत असता. असं सात महिने. (ताण्याची उपमा मागवाल्याला मी काय देणार!) त्यात मागांचा खडखडाट. सततच्या आवाजानंही शरीर ताणात राहतं, म्हणून कानात बोळे घालत जा.

तीनला जाग आली की मोबाइल बघू नका. मनगटावर नाडी धरा, चार आकडे श्वास आत, सहा-सात आकडे बाहेर. श्वास सोडताना नाडी मंदावते, बोटाला कळेल. पाच मिनिटं करा. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी अर्धा तास चाला, हिशेब घरी ठेवून.

पण श्वासानं पेमेंट येत नाही, हे मलाही कळतं. माल देण्याआधीपासून तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशिराला व्याजही लागतं. थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. पार्टी तुटेल, ही भीती खरी आहे. सात महिने पैसे न देणारी पार्टी किती धरून ठेवायची, ते तुम्ही ठरवा.

आणि वहिनींना आकडा सांगा, पूर्ण. पाणी काही दिवसांआड येतं तरी घर चालवणाऱ्या बाईला टंचाई नवी नसते. तुम्ही तीनला उठून बसता, हे तिला कळत नसेल असं वाटतं का तुम्हाला?

बोलणं जमेना, मन फारच काळवंडलं, तर १४४१६ वर टेली-मानसला, मनाच्या आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात.

चार दिवसांचे बीपीचे आकडे मला कळवा. पुड्यांचाही.